रोबोटच्या आधीचे आठ आठवडे

गेल्या वर्षभरात आमच्या ओट्यावर येऊन बसलेल्या सात-आठ जणांचा पहिला प्रश्न एकच होता, "बाई, रोबोट कुठल्या दवाखान्यात आहे?" कुणी चोपड्याहून आलेलं, कुणी पारोळ्याहून, एक जोडपं तर शिरपूरहून एसटीने आलं होतं. हातात फाइल, फाइलमध्ये बायोप्सीचा कागद आणि चेहऱ्यावर भीती. दीड वर्षापूर्वी आमच्या घरात होती तीच. मी आधी पाणी देते, चहा टाकते आणि म्हणते, रोबोटचं शेवटी बोलू, आधी मी विचारते त्याची उत्तरं द्या. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही सुटतं. म्हणून आज बसून लिहून काढते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. आम्ही अमळनेरला राहतो, शेत बोरी नदीकाठी आहे, सात एकर, कापूस आणि दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. यांचं वय आता ६७. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटने झालं तेव्हा ६६ होतं.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. रात्री चार-चार वेळा उठणं, धार बारीक. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, प्रोस्टेट वाढलंय, वयाचं आहे, आणि गोळी सुरू केली. गोळीने बरं वाटायला लागलं. वर्षभराने रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, कॅन्सर असला तर ते वाढू शकतं) तपासला तर ४.६ आला. "जरासा वर आहे, काळजीचं कारण नाही," असं ऐकून आम्ही घरी आलो आणि चार महिने शांत बसलो. मग मुलाच्या आग्रहाने दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी गोळीची स्ट्रिप मागितली. गोळी ड्युटास्टेराइडची होती. ते म्हणाले, "ही वर्षभर घेतली की पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. तुमचा ४.६ नाही, ९ च्या पुढे धरा."

ते चार महिने मला अजून सलतात. म्हणून कुणीही पीएसएचा कागद माझ्यापुढे ठेवला की मी आधी विचारते, लघवीची गोळी कोणती चालू आहे, किती दिवसांपासून? ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल तर तो आकडा जसाच्या तसा वाचायचा नसतो. दवाखान्यात आपण होऊन सांगायचं. ते विचारतील म्हणून थांबायचं नाही.

पुढे एमआरआय झाला, मग बायोप्सी. बायोप्सीत ग्लीसन, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती वाईट ते सांगणारा आकडा, ४ + ३ = ७ आलं. यांना वाटलं, दहापैकी सात म्हणजे मधलंच काहीतरी. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की बेरजेत आकड्यांची जागा बदलली तरी उत्तर बदलत नाही. इथे जागेवरच सगळं ठरतं. पहिला आकडा म्हणजे नमुन्यात ज्या पेशी जास्त आहेत त्यांची प्रत. ३ + ४ सुद्धा सात, ४ + ३ सुद्धा सात, पण दुसऱ्यात वाईट पेशींचा वाटा मोठा असतो. आता रिपोर्टवर १ ते ५ असा ग्रेड ग्रुपही छापून येतो. ३ + ४ दुसऱ्या गटात, ४ + ३ तिसऱ्या गटात. एमआरआयमध्ये गाठ डावीकडे होती, प्रोस्टेटच्या आवरणाला अगदी टेकलेली. कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते शोधणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनमध्ये हाडांत, लसिकाग्रंथींमध्ये कुठेही काही दिसलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरी कितीतरी दिवसांनी शेवभाजी झाली.

ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा आम्ही दोन सर्जन पाहिले. पहिल्यांनी गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक हातात दिलं, त्यावर यंत्राचा मोठा फोटो. म्हणाले, रोबोट आहे म्हटल्यावर लघवी गळायचा प्रश्नच नाही, शंभर टक्के. हे माझ्याकडे बघून हळूच अहिराणीत म्हणाले, "मशीन कोन चालावस, ते सांग पहिले."

शेतात ट्रॅक्टर भाड्याने घेणारा माणूस हा प्रश्न विचारतोच. तोच ट्रॅक्टर, तेच शेत, पण ड्रायव्हर बदलला की नांगराचा तास वाकडा जातो. रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. पोटावर पाच-सहा बारीक छिद्रं, त्यांतून आत गेलेले हात, आणि सर्जन खोलीच्या कडेला कन्सोलवर बसून ते हात फिरवतो. त्याला आतलं दहापट मोठं आणि खोल-उथळ कळेल असं दिसतं, हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं, टोकाची अवजारं मनगटासारखी वळतात. रक्त कमी जातं, जखमा छोट्या, माणूस लवकर चालायला लागतो. एवढा फायदा खरा आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण लघवी धरली जाईल का, नवरा-बायकोचं आयुष्य पूर्ववत होईल का, कॅन्सर मागे राहील का, या तीन गोष्टी यंत्राच्या नावावर ठरत नाहीत.

हे दुसऱ्या सर्जननी सांगितलं, मुंबईचे. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. तिथे ३२६ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली, एका गटाचं ऑपरेशन रोबोटने, दुसऱ्याचं पोट उघडून. पहिले निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. बारा आठवड्यांनी लघवीचा ताबा आणि शरीरसंबंधाची क्षमता दोन्ही गटांत सारखीच. दोन वर्षांनीही त्यात फरक दिसला नाही. रोबोटवाल्यांचं रक्त मात्र कमी गेलं होतं. डॉक्टर स्वतः रोबोटवर काम करणारे, तरी त्यांनी हे सांगितलं. माझा विश्वास तिथेच बसला.

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत? आमचं तुम्हीच करणार ना, पहिल्यापासून शेवटपर्यंत? वर्षभरानंतर तुमच्या किती पेशंटना लघवी गळते म्हणून पॅड लागतो? त्यांना राग आला नाही. साडेसहाशेच्या वर, असं ते म्हणाले, आणि पॅडचं उत्तर द्यायला त्यांनी स्वतःची नोंदवही उघडली. आपल्या पेशंटचा हिशेब जो ठेवतो त्याला आपलं काय चुकतं तेही कळत असणार, असं माझ्या मास्तरकीच्या मनाला वाटलं. हे ऑपरेशन शिकायला वेळ लागतो. शंभर-दोनशे झाली तरी हात सुधारतच असतो. म्हणून हा प्रश्न विचारताना लाजायचं नाही. दवाखान्यात रोबोट कधी आला यापेक्षा सर्जनचा हात त्यावर किती बसलाय ते महत्त्वाचं.

मग त्यांनी एमआरआय पडद्यावर लावून आम्हाला दाखवला. प्रोस्टेटच्या खाली मूत्रनलिकेचा एक छोटा तुकडा असतो, लघवी धरून ठेवणारा स्नायू त्याच्याभोवती असतो. तो तुकडा लांब असला तर नंतर ताबा लवकर येतो. यांचा १४ मिलिमीटर निघाला. "ठीक आहे, चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. जन्मापासून अंगात असलेली ही गोष्ट, आणि ६६ वर्षांत तिचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं.

बाकीचे प्रश्न त्यांनी आम्हाला विचारले. शुगर किती? बिडी, तंबाखू? रक्त पातळ होण्याची गोळी? डोळ्यांत काचबिंदू आहे का? (ऑपरेशनभर डोकं खाली, पाय वर असं झोपवतात, पोटात गॅस भरतात. डोळ्यांवर आणि फुप्फुसांवर ताण येतो.) आधी प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडलंय का? हर्नियाचं झालंय का? उजवीकडचं झालं होतं, २०११ साली. "दुर्बिणीतून की बाहेरून? जाळी नेमकी कुठे बसवली?" आम्हाला सांगताच येईना. दुर्बिणीतून आत लावलेली जाळी मूत्राशयापुढच्या जागेत सगळं चिकटवून ठेवते आणि वाट अवघड करते. घरी येऊन मी पत्र्याच्या पेटीतून जुना डिस्चार्जचा कागद शोधला. बाहेरून केलेलं होतं. तो कागद सापडला तेव्हा देवापुढे दिवा लावला.

एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९ होतं. डॉक्टरांनी तारीख दिली ती बायोप्सीनंतर आठ आठवड्यांची. बायोप्सीमुळे आत सूज असते, ती उतरू द्यायची. मला धास्ती वाटली, तोवर पसरलं तर? त्यांनी समजावलं की यांच्या आजाराला एवढ्या दिवसांनी फरक पडणार नाही, पण यांच्या शरीराला पडेल. "हे आठ आठवडे माझे नाहीत, तुमचे आहेत," असं म्हणाले.

आम्ही ते आठ आठवडे कामाला लावले. बिडी पहिल्या दिवशी बंद. चाळीस वर्षांची बिडी होती, हे सोपं नव्हतं. चिडचिड झाली, एकदा ताट बाजूला सारलं. पण परत हातात घेतली नाही. पहाटे मंगळग्रह मंदिरापर्यंत चालत जायचं आणि यायचं. वजन ८४ वरून ७९ वर आलं. पोटावरची चरबी कमी झाली की सर्जनला आत जागा मिळते, आणि नंतर मूत्राशयावर भारही कमी पडतो. साखरेची औषधं बदलून घेतली, दादरची भाकरी ठेवली, चहातली साखर काढली. ऑपरेशनआधी एचबीए१सी ७.६ झालं.

आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. फिजिओथेरपिस्ट मुलगी जळगावची होती, वय जेमतेम तीस. तिच्यापुढे हे अवघडून बसले होते. ती सरळ म्हणाली, "काका, चारचौघांत गॅस धरून ठेवता ना, तोच स्नायू. पोट नाही आवळायचं, मांड्या नाही, श्वास नाही कोंडायचा." दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा मोजेपर्यंत सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऑपरेशनआधी शिकलेलं बरं, कारण नंतर दुखत असताना आणि सगळं सुन्न असताना तो स्नायू सापडत नाही. हे आकाशवाणी जळगाव लावून ओट्यावर बसायचे. समोरून जाणाऱ्याला वाटायचं, आप्पा बातम्या ऐकत आहेत.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. लिहितेच. डॉक्टरांनी नसा वाचवण्याचा विषय काढला तेव्हा यांनी मला सुचवलं की तू जरा बाहेर बस. मी उठले नाही. प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना बारीक नसांचे जुडगे चिकटून जातात, पुरुषाची ताठरता त्यांच्यावर असते. त्या वाचवत प्रोस्टेट काढायची रीत अमेरिकेतल्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली दाखवली. त्याआधी हे ऑपरेशन म्हणजे त्या सुखाचा शेवट, असंच धरलं जायचं. आमच्या बाबतीत गाठ डावीकडे आवरणाला टेकलेली. डावी नस वाचवायला गेलं तर कॅन्सरची कड आत राहण्याची भीती. उजवी वाचवता येईल. वय, आधीची क्षमता, मधुमेह, बिडी, या सगळ्याचा हिशेब घालून डॉक्टरांनी सांगितलं की सुधारणा होईल ती दीड-दोन वर्षांत हळूहळू, आणि पूर्वीइतकी होईलच असं वचन देत नाही.

हे म्हणाले, "मी म्हतारा व्हयनू, माले आते काय करनं शे?" डॉक्टरांना अहिराणी कळली नाही, पण ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, डावी सोडा, कॅन्सर पूर्ण काढा, उजवी जपा. आमचं दोघांचं त्याच खोलीत ठरलं. घरी येणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते. त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसू नका. निर्णय दोघांच्या आयुष्याचा आहे.

विम्याचं थोडक्यात. रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येणार नाही, असा नियम विमा नियामकाने २०१९ साली केला, पण पॉलिसीत तिच्यासाठी वेगळी मर्यादा असू शकते. आमच्या पॉलिसीत होती. पॉलिसीच्या कागदावर ती ओळ आधीच शोधा. वरचे पैसे कापसाचे गेले.

जानेवारीत खान्देश एक्सप्रेसने मुंबईला गेलो. ऑपरेशन तीन तास चाळीस मिनिटं चाललं. संध्याकाळी यांचा चेहरा आणि पापण्या सुजलेल्या पाहून मी घाबरले, पण ती डोकं खाली ठेवल्याची सूज होती, सकाळी उतरली. दुसऱ्या दिवशी पायांत घट्ट मोजे घालून चालवलं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालणं औषधाइतकंच गरजेचं. चौथ्या दिवशी कल्याणला नणंदेकडे आलो आणि नवव्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघालं.

कॅथेटर निघाल्यावर तासाभरात धोतर ओलं. सांगितलेलं होतं, वाचलेलं होतं, तरीही हे भिंतीकडे तोंड करून बसले. नणंदेने काही न बोलता गादीवर मेणकापड टाकलं आणि वर धुतलेली चादर घातली. असं माणूस घरात असणं हेही बरं होण्यातलं एक कारण मी धरते. कोणत्याही अभ्यासात ते नसलं तरी.

मी शाळेच्या सवयीने वही घातली. तारीख, दिवसाचे पॅड, रात्रीचे, खोकला, व्यायाम तीनदा झाला का. पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा पॅड. महिन्याने तीन. मार्चमध्ये आकडा तीनवरच अडकला, तेव्हा वही चाळताना मला एक दिसलं. हे पाणीच कमी प्यायला लागले होते, गळेल या भीतीने. लघवी दाट पिवळी, मग जळजळ, मग जंतुसंसर्ग. पाणी वाढवलं, कडक चहा दोन कपांवर आणला, बद्धकोष्ठ होऊ दिला नाही. एप्रिलपासून आकडा पुन्हा उतरला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्या घामात पॅडने मांड्या सोलवटल्या. खोबरेल आणि सुती कापडावर दिवस काढले. ऑक्टोबरच्या पहिल्या पानावर पॅडच्या रकान्यात शून्य आहे. आता जड उचलताना किंवा जोरात शिंक आली तर थेंब येतो. शिंकेआधी तो स्नायू आवळायची युक्ती त्या मुलीने शिकवली आहे, बहुतेक वेळा साधते.

काढलेल्या प्रोस्टेटचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी आला होता. कॅन्सर डावीकडे आवरणाबाहेर किंचित आलेला, रिपोर्टच्या भाषेत पीटी३ए. कापलेल्या कडा स्वच्छ. १८ लसिकाग्रंथी काढल्या, एकीतही नाही. डावी नस वाचवायचा हट्ट धरला असता तर त्या कडेचं काय झालं असतं, हा विचार मी अजून रात्री करते. सहा आठवड्यांनी पीएसए केला, ०.०१ पेक्षा कमी. प्रोस्टेट निघाल्यावर तो जवळपास शून्यच असायला हवा. नंतर कधी ०.२ किंवा त्यावर गेला आणि दुसऱ्यांदा तपासूनही तसाच आला तर आजार परतला असं धरतात, आणि तेव्हा वेळेत किरणोपचार करता येतात. आवरणाबाहेर आलेला असल्यामुळे आमची ही तपासणी चुकवायची नाही. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी ठरली होती.

दुसऱ्या विषयातही सुधारणा आहे, थोडी. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे. आणि जवळ बसून बोलण्यात कमी काही झालेलं नाही, उलट वाढलं आहे. यापुढे लिहीत नाही.

आमच्या नात्यातल्या एकाचं ऑपरेशनही त्याच सुमारास रोबोटनेच झालं. त्यांना वर्ष होऊन गेलं तरी रोज दोन पॅड लागतात, आणि गावात बोललं गेलं की रोबोट बेकार. त्यांचं वय ७४, आधी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडलेलं, वजन जास्त, व्यायाम कुणी शिकवलेच नव्हते. यांचं वय ६६, मूत्रनलिकेचा तुकडा लांब, आठ आठवडे तयारी. दोघांचं यंत्र सारखं, बाकी काहीच सारखं नाही. मी त्यांना त्याच फिजिओथेरपिस्ट मुलीचा नंबर दिला आहे. उशिरा सुरू केलं तरी उपयोग होतो, असं ती म्हणाली. तरीही गळत राहिलं तर त्यावर छोटी शस्त्रक्रिया असते, तेही सांगितलं. लोक तो पुढचा टप्पा विचारायलाच जात नाहीत, घरात बसून राहतात.

आणि माझे एक जुने सहकारी शिक्षक, त्यांचं ग्लीसन ३ + ३ आहे, म्हणजे पहिला, सगळ्यात सौम्य गट, पीएसए ६. ते थेट रोबोटचा पत्ताच मागायला आले होते. मी त्यांना परत पाठवलं, डॉक्टरांना आधी हे विचारा की मला ऑपरेशनची गरज आहे का. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर पंधरा वर्षं नजर ठेवली. ऑपरेशन, किरणोपचार किंवा नुसतं लक्ष ठेवणं, तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले सुमारे तीन टक्केच. ज्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात आजार पसरल्याचं प्रमाण जास्त होतं, हेही मी त्यांना सांगितलं, लपवलं नाही. सर आता दर सहा महिन्यांनी तपासणी करतात आणि सकाळी यांच्याबरोबर मंगळग्रहापर्यंत चालतात.

परवा पारोळ्याहून फोन आला, मुलगा वडिलांचा रिपोर्ट घेऊन रविवारी येतो म्हणाला. मी त्याला सांगितलं आहे, चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा आण, हर्नियाचं काही झालं असेल तर जुने कागद आण, आणि येताना आईलाही घेऊन ये.